छोट्या ग्रिलवर डच ओव्हन: वरची धग, खालची धग

डच ओव्हनमधला पाव खालून काळा आणि वरून पांढराफटक निघाला, तर पिठाला बोल लावू नका. घरच्या ओव्हनमध्ये भांड्याला चहूबाजूंनी धग मिळते. कॅम्पिंगच्या छोट्या ग्रिलवर सगळी आच बुडाखाली असते. खालची धग कमी कशी करायची आणि वरची कुठून आणायची, हे जमलं की याच एका भांड्यात पाव, केक, अख्खी कोंबडी, तासन्‌तास मुरणारा स्ट्यू, सगळं होतं.

भांडं आणि ग्रिल यांची जोडी

बाहेर नेण्याजोगा डच ओव्हन म्हणजे जाड बिडाचं, जड आणि घट्ट झाकणाचं भांडं. त्याचे दोन प्रकार मिळतात. एकाला बुडाशी तीन आखूड पाय असतात आणि झाकणाला सभोवती उभी कड असते, म्हणजे वर निखारे ठेवले तरी घरंगळत नाहीत. दुसऱ्याचं बूड सपाट आणि झाकण घुमटासारखं. पायांचं भांडं मुळात जमिनीवर, निखाऱ्यांवर ठेवण्यासाठी असतं. ग्रिलच्या जाळीवर त्याचा एखादा पाय दोन सळ्यांमधून खाली जातो, भांडं कलतं, रस्सा एका बाजूला साचतो आणि दुसरी बाजू करपते. ग्रिलसाठी सपाट बुडाचं, पण कडेच्या झाकणाचं भांडं सगळ्यांत सोयीचं. पायांचंच असेल तर जाळीवर जाड पोलादी पत्रा टाकून त्यावर ते टेकवा.

एनॅमलचा लेप असलेलं भांडं या कामाला नको. निखाऱ्यांची धग एकाच जागी बसते, लेप तडकतो आणि टवके अन्नात पडतात. शिवाय त्याच्या झाकणाची मूठ पुष्कळदा प्लास्टिकची असते.

१० इंची भांड्यात साधारण ४ लिटर मावतं, तेवढं तीन-चार जणांना पुरतं. १२ इंचीत साधारण ६ लिटर, म्हणजे सहा-आठ जणांचं जेवण. छोट्या ग्रिलसाठी १० इंचीच घ्या. १२ इंची भांडं रिकामंच सुमारे ९ किलो भरतं, अन्नासकट १३-१४ किलो. घडीच्या पायांचा हलका ग्रिल एवढ्या वजनासाठी बनवलेला असेलच असं नाही. उत्पादकाने दिलेली वजनाची मर्यादा बघा. ती सापडली नाही तर निघण्याआधी घरीच ग्रिल न पेटवता त्यावर पाण्याने भरलेलं भांडं ठेवा आणि बाजूने हलकासा धक्का द्या. पाय लचकले, तर तो ग्रिल या भांड्याचा नाही.

त्याच वेळी आणखी दोन मापं घ्या. ग्रिलचं झाकण भांड्यावर पूर्ण बंद होतं का, आणि भांड्याभोवती सगळीकडून किमान २-३ सेंटीमीटर जागा उरते का. भांड्याने जाळी पूर्ण झाकली तर गरम हवेला वर जायला वाट राहत नाही. ज्योत गुदमरते, पिवळी होते, काजळी धरते, आणि धग खाली परतून नळी आणि बर्नरच्या खिट्ट्यांपर्यंत पोचते.

एक सक्त इशारा. गॅसचा डबा शेजारच्याच कप्प्यात बसतो अशा चपट्या कॅसेट शेगडीवर मोठा डच ओव्हन कधीच ठेवू नका. भांड्याचं बूड डब्यावर पसरतं, धग डब्यावर परावर्तित होते, आतला दाब वाढतो आणि डबा फुटू शकतो. सिलिंडर ग्रिलच्या अंगालाच स्क्रूने बसत असेल, तर डच ओव्हनच्या झाकणावर निखारेही ठेवू नका. एक निखारा निसटून रेग्युलेटरवर किंवा नळीवर पडला तरी पुरे.

बीड कसं वागतं

बीड उष्णता धरून ठेवतं खरं, पण पसरवण्यात कच्चं असतं. तांबं बिडाच्या सात-आठ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून बर्नर गोल असेल तर बुडावर नेमकं तेवढंच कडं आधी तापतं, आणि घाई केली तर अन्न त्या कड्यावरच करपतं. यावर उपाय म्हणजे मंद आचेवर ८-१० मिनिटं नुसतं भांडं तापू देणं. तळाला एक चमचा तेल सोडा. तेल सगळीकडे सारखं पातळ होऊन पळायला लागलं की भांडं तयार.

बीड आच उशिरा ऐकतं. तापायला वेळ लावतं, तसंच थंड व्हायलाही. रस्सा उकळू लागल्यावर गॅस कमी केला तरी पुढची काही मिनिटं तो खदखदतच राहतो. म्हणून उकळी यायच्या बेतात असतानाच आच उतरवा. आणि तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नका. एका जागी अचानक आकुंचन पावलं की बीड तडकतं, आणि तडा गेलेलं भांडं दुरुस्त होत नाही. रश्श्यात पाणी वाढवायचं तर गरम पाणीच घाला.

गॅसच्या ग्रिलवर

ग्रिलचं झाकण बंद केलं की तो छोटा ओव्हन होतो, वरची धग इथूनच मिळते. दोन बर्नर असतील तर एक पेटवा आणि भांडं दुसऱ्या, बंद बर्नरवर ठेवा. एकच बर्नर असेल तर भांडं आणि ज्योत यांच्यात काहीतरी अडसर लागतो. त्यासाठी जाळीवर पालथा घातलेला बिडाचा तवा किंवा जाड पत्रा चालतो. त्यावर दोन-तीन सेंटीमीटर उंचीची तिवई ठेवून मग भांडं ठेवलं तर फारच छान. मधल्या फटीतून गरम हवा फिरते आणि बुडाला थेट चटका बसत नाही. स्ट्यूला एवढा खटाटोप नको, कारण पातळ पदार्थ स्वतःच फिरून उष्णता वाटून घेतो. पावाला, केकला मात्र हा अडसर हवाच.

ग्रिलच्या झाकणावरचा तापमापक वरच्या हवेचं तापमान दाखवतो, भांड्याच्या आतलं नाही. काटा १८० अंशांवर लवकर पोचेल, पण तेव्हा भांडं अजून कोमट असेल. काटा स्थिरावल्यावर आणखी २० मिनिटं थांबा.

गॅसचा हिशेब आधी करून ठेवा. ४६५ ग्रॅमचा प्रोपेनचा छोटा सिलिंडर ३ किलोवॅटच्या बर्नरवर पूर्ण आचेला साधारण दोन तास पुरतो. मंद आचेवर बराच जास्त पुरतो, पण पाव आणि स्ट्यू एकाच दिवशी करायचे असतील तर दुसरा सिलिंडर जवळ हवाच. थंडीत डब्यात कोणता गॅस आहे तेही बघा. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली वाफ होत नाही, म्हणजे गारठ्यात भरलेल्या डब्यावरही ज्योत मरते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतो.

कोळशाच्या ग्रिलवर

इथे ताबा जास्त मिळतो, कारण वरची आणि खालची धग वेगवेगळी मोजून ठेवता येते. लाकडी कोळशाचे तुकडे लहानमोठे असतात, मोजता येत नाहीत. म्हणून कोळशाच्या दाबून केलेल्या एकसारख्या वड्या, म्हणजे ब्रिकेट, घ्या. चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या उभ्या धातूच्या नळकांड्यात, पेटवल्या की १५-२० मिनिटांत त्यांच्या कडा राखाडी होतात. तेव्हाच त्या वापरायच्या. अर्धवट पेटलेल्या वड्या धूर करतात आणि मोजणी फसते.

लक्षात ठेवायला सोपा नियम असा: भांड्याचा व्यास इंचांत जेवढा, त्याच्या दुप्पट वड्या लावल्या की आत १६५ ते १७५ अंश सेल्सिअस मिळतात. त्यांतल्या व्यास अधिक तीन वर, व्यास उणे तीन खाली. १२ इंची भांड्याला १५ वर, ९ खाली. १० इंचीला १३ वर, ७ खाली. आणखी दोन वड्या वाढवल्या की तापमान सुमारे १४ अंशांनी चढतं. म्हणून १० इंची भांड्यात पावासाठी २२० अंश हवे असतील तर एकूण २७, त्यांतल्या १८ झाकणावर आणि ९ खाली.

वर जास्त का? धग वर जाते. खालच्या निखाऱ्यांची बरीचशी धग बुडाला मिळते, वरच्यांची पुष्कळशी हवेत निघून जाते. पाव-केकसारख्या पदार्थाला दोन भाग वर आणि एक भाग खाली. अख्खी कोंबडी भाजायला निम्म्या वर, निम्म्या खाली. स्ट्यूला याच्या उलट, जास्त खाली.

खालच्या वड्या भांड्याच्या मधोमध ढीग करून ठेवू नका. बुडाच्या कडेच्या थोड्या आत गोल कडं मांडा आणि मधला भाग मोकळा सोडा. मध्यावर करपलेला काळा डाग दिसला, तर ढीगच कारण असतो. झाकणावर बहुतेक वड्या कडेने गोल लावा, मध्ये दोन-चार. जाळी निखाऱ्यांपासून १० सेंटीमीटर वर असेल तर खाली दोन-तीन वड्या जास्त लागतील. ग्रिलच्या खालच्या झडपा अर्ध्या उघड्या ठेवा. पूर्ण उघड्या ठेवल्या तर वड्या झरझर जळतात.

वड्या ४५ मिनिटं ते एक तास टिकतात, त्यामुळे दोन तासांच्या स्वयंपाकाला नव्या लागणारच. पहिल्या लावल्यावर अर्ध्या तासाने पुढचा घाणा चिमणीत पेटवायला घ्या. जुन्या विझू लागल्यावर पेटवायला बसलात, तर मधल्या वीस मिनिटांत भांडं गार पडतं.

दर १५ मिनिटांनी भांडं पाव फेरा एका दिशेला फिरवा, आणि झाकण पाव फेरा उलट दिशेला. वाऱ्याच्या बाजूचे निखारे जास्त तापतात. फिरवल्याने एकच बाजू त्यांच्यासमोर राहत नाही. झाकण उचलताना सरळ वर उचला, तिरकं केलं तर राख थेट अन्नात. हातात चामड्याचे कोरडे मोजे हवेत. ओलं फडकं चुकूनही नको, त्यातल्या पाण्याची वाफ होऊन हात भाजतो.

झाकण न उघडता आतलं कळतं

दर वेळी झाकण उघडलं की वरची सगळी धग निघून जाते. त्याऐवजी झाकणाच्या फटीकडे बघा. वाफेची बारीक, आळसावलेली रेघ येत असेल तर रस्सा बरोबर मुरतो आहे. वाफ सुसाट, सुरकांडीसारखी सुटत असेल तर आच फार, खालच्या दोन-तीन वड्या काढा. वाफ दिसतच नसेल आणि आतून आवाजही नसेल तर धग कमी पडते आहे. भाजणीत उलटं: पावाचा वास यायला लागला की झाकण उघडायची वेळ आली, आणि वासात कडवटपणा आला तर खालचे निखारे ताबडतोब बाजूला करा.

मांसाचा स्ट्यू, १२ इंची भांडं, सहा जणांना

मांस १.२ किलो, ४ सेंटीमीटरचे तुकडे. मीठ १२ ग्रॅम, तेल २ मोठे चमचे, मध्यम कांदे ३, लसूण ६ पाकळ्या, मैदा २ मोठे चमचे, गाजरं ४०० ग्रॅम, बटाटे ६०० ग्रॅम, गरम पाणी सुमारे १ लिटर.

मांस टिपून अगदी कोरडं करा. एका वेळी एकाच थरात मावेल एवढंच टाका, म्हणजे दोन-तीन घाण्यांत. सगळं एकदम टाकलं की भांडं थंड पडतं, मांसाला पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडतं. हे आवाजावरून ओळखता येतं: चुरचुर थांबून बुडबुड सुरू झाली म्हणजे गर्दी झाली. तुकडा टाकल्यावर तो बुडाला चिकटेल. ओढू नका. तीन-चार मिनिटांत खालून तांबूस खरपूस थर धरला की तो आपोआप सुटतो. ओढावा लागतो आहे, याचा अर्थ अजून झालेला नाही.

मांस काढून कांदा-लसूण परता, मैदा घालून मिनिटभर हलवा, मग थोडं गरम पाणी टाकून लाकडी उलथन्याने बुडाला धरलेलं सगळं खरवडून घ्या. रश्श्याची चव तिथेच आहे. मांस परत टाका. पाणी मांस जेमतेम बुडेल एवढंच घाला. जड झाकण वाफ धरून ठेवतं, त्यामुळे घरच्या पातेल्याइतकं पाणी आटत नाही. मंद आचेवर दीड तास ठेवा, मग गाजर-बटाटा घालून आणखी ४० मिनिटं. टोमॅटो घालायचाच तर शेवटच्या अर्ध्या तासात: आंबटामुळे बटाटा मऊ व्हायला वेळ लावतो, आणि बराच वेळ उकळल्यास बिडावरचा तेलाचा थर निघून रश्श्याला लोखंडी चव येते.

मांस चामट लागलं तर बहुतेक वेळा ते जास्त नाही, कमी शिजलेलं असतं. तंतूंमधलं कोलॅजेन हे चिवट प्रथिन विरघळून मऊ व्हायला वेळच द्यावा लागतो, मोठ्या आचेने ते लवकर होत नाही. उंचावर मुक्काम असेल तर वेळ आणखी वाढवा. दर ३०० मीटर चढलं की पाणी सुमारे एक अंश कमी तापमानाला उकळतं. १५०० मीटरवर ते ९५ अंशांच्या आसपासच उकळतं.

राजम्यासारखे लाल दाणे याच भांड्यात शिजवणार असाल तर एक पायरी टाळू नका. ते रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात आधी किमान १० मिनिटं खळखळ उकळवा, मगच आच कमी करा. कच्च्या दाण्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन नुसत्या मंद आचेवर नष्ट होत नाही आणि त्याने उलट्या-जुलाब होतात.

पाव, १० इंची भांडं

मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. कोरडं सगळं घरूनच मोजून पिशवीत भरून न्या. दहा मिनिटं मळा, झाकून ठेवा. २५ अंशांच्या हवेत दीड तासात पीठ दुप्पट होतं, गारठ्यात तीन तासही लागतात. घड्याळाकडे नाही, पिठाकडे बघा. गोळा बांधून बेकिंग पेपरवर ठेवा आणि आणखी ३०-४० मिनिटं फुगू द्या. बोट हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला की पीठ तयार.

तोवर भांडं २२० अंशांना तापवून घ्या. पेपरसकट गोळा उचलून आत सोडा, वरून एक चीर द्या, झाकण लावा. पहिली २५-३० मिनिटं उघडायचं नाही. पिठातलीच वाफ आत कोंडून राहते, वरची साल ओलसर राहते आणि पाव फुगायला मोकळीक मिळते. मग गॅसच्या ग्रिलवर भांड्याचं झाकण काढून, ग्रिलचं बंद ठेवून १०-१५ मिनिटं. कोळशावर असाल तर झाकण काढलं की वरची धगच जाते, म्हणून ते तसंच ठेवा, खालच्या निम्म्या वड्या काढून झाकणावर टाका. पाव उलटा करून बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला पाहिजे. तापमापक असेल तर मधोमध ९५ अंशांच्या आसपास. कापायची घाई करू नका, गरम पाव आतून चिकट राहतो.

बूड करपत असेल तर पुढच्या वेळी पेपरखाली धातूची छोटी तिवई किंवा चुरगाळून पसरलेली ॲल्युमिनिअम फॉइल ठेवा. दोन सेंटीमीटरची हवाही खूप फरक करते.

कोंबडी भाजताना रंगावर जाऊ नका. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकता, तापमापक ७४ अंश दाखवेल तेव्हाच ती झाली.

आवरताना

बीड कोमट असतानाच गरम पाण्याने आणि लाकडी उलथन्याने खरवडा. चिकटलेलं असेल तर जाड मिठाने घासा. थोडासा सौम्य साबण चालतो, रात्रभर भिजत ठेवणं मात्र अजिबात नको. पुसून मंद आचेवर पूर्ण कोरडं करा, मग तेलाचा हात फिरवून तेवढंच तेल पुन्हा पुसून घ्या. जाड थर राहिला तर तो चिकट होतो आणि काही दिवसांत खवट वास येतो. झाकण आणि भांडं यांच्यात कागदाची घडी ठेवा, म्हणजे आत दमटपणा कोंडणार नाही. उरलेलं अन्न भांड्यात ठेवू नका. दोन तासांच्या आत दुसऱ्या डब्यात काढून थंड पेटीत ठेवा.

ग्रिल पाऊस आला म्हणून तंबूत किंवा तंबूच्या पडवीत घेऊ नका, विझत आलेला सुद्धा नाही. राखेखाली धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड येतच राहतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. निखारे धातूच्या बादलीत काढा, पाणी ओता, ढवळा, पुन्हा पाणी ओता. वरून हात धरून धग जाणवत नाही ना ते बघा. जाणवली, तर पुन्हा पाणी आणि पुन्हा ढवळणं, पूर्ण गार होईपर्यंत.